शेलूबाजारचे रोमन पारवे

शेलूबाजारच्या चौकात 'देवमन कुठं राहतो' असं विचाराल तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. 'पेंटर कुठं बसतो' विचारा, मग पाहा. चहावाला, पंक्चरवाला आणि केळीवाला तिघंही एकदम हात करतील, मंगरुळ रोडवरच्या कडुलिंबाकडे. तिथं दिवसभर कोणती ना कोणती गाडी पाठ करून उभी असते, आणि तिच्या बुडाशी स्टुलावर एक वाळका माणूस बसलेला असतो, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेला. तो देवमन भिवाजी पट्टेबहादूर.

माझी त्याची ओळख बॅनरची. मी मोर्चेवाला माणूस. शाळा नववीत सुटली, पुढचं शिक्षण तहसीलच्या पायऱ्यांवर झालं. मला फ्लेक्स चालत नाही. फ्लेक्सवर घोषणा छापली की ती नगरसेवकाच्या वाढदिवसासारखी दिसते. कापडावर ब्रशनं लिहिलेली घोषणाच ओरडते, आणि ती लिहावी देवमननं. फक्त त्याला एक खोड आहे. कुठंही जनावर काढतो. एकदा पाण्याच्या मोर्चाचं बॅनर आणायला गेलो तर 'पाणी द्या, नाहीतर खुर्ची सोडा' याच्या बाजूला जीभ बाहेर काढलेलं वासरू. मी भडकलो. म्हटलं, हा मोर्चा आहे का पोळा? तो म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडं साहेब पाह्यत नाई. वासराकडं पाहीन." साहेबानं खरंच माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही, वासराकडं मात्र दोनदा पाहिलं आणि टँकर लिहून दिला. मी देवमनशी बरेच दिवस बोललो नाही.

त्याचं मूळ गाव कामरगाव. बाप दुसऱ्याच्या वावरात दुसऱ्याचे बैल हाकायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी लहानगा देवमन त्या बैलांची शिंगं रंगवायचा, आणि रंगवता रंगवता शिंगावर वेल काढायचा, वेलावर चिमणी काढायची राहिली तर रडायचा. पुढच्या वर्षापासून लोक आपले बैल घेऊन त्याच्याकडे यायला लागले. "बैल त्याइचे, शिंगं माही," असं तो आजही सांगतो. मग विहाराच्या भिंतीवर पांढरा हत्ती काढला, मग शाळेच्या भिंतीवर प्राणी-पक्षी, मग गाड्या. शेलूबाजारला हायवे आणि जीपा, म्हणून इथंच टिकला.

समोर मुन्नाचं रेडियमचं दुकान आहे. कॉम्प्युटर, कटिंगचं मशीन, सगळं. मुन्नाच्या मशीनमध्ये एकच मोर आहे. तो मोर कारंज्यापासून रिसोडपर्यंत प्रत्येक गाडीवर बसलाय, त्याच पायावर, त्याच बाजूला मान करून. देवमन त्या मोराला 'सरकारी मोर' म्हणतो. पण लोकांना सरकारी मोर लवकर मिळतो, म्हणून गर्दी तिकडं.

त्यात मागच्या थंडीत एक गोष्ट घडली. रोम शेलूबाजारला आलं.

देवमनची पोरगी धम्मदीपा. अमरावतीला पाली शिकली आणि सरकारी शिष्यवृत्तीवर जर्मनीला गेली. तिथल्या लोकांनी सांगितलं, जुन्या भाषांचा अभ्यास करायचा तर लॅटिन पण घ्या. घेतली. दर रविवारी तिचा फोन येतो. देवमन तो स्पीकरवर ठेवतो, म्हणजे बायको भागिरथा चुलीपाशी बसून ऐकते आणि आमच्यासारखा कोणी टपकला असेल तर त्याचीही सोय होते. त्या रविवारी मी होतो.

"बाबा, मी सध्या वाचून राह्यली थे पाह्यलं तं तुमी हसान," धम्मदीपा म्हणाली. "रोमचे जुने कवी. दोन हजार वर्सं झाले. प्रेमाची कविता लिवायची म्हटली का पयले गोठ्यात जातात."

"गोठ्यात कायले?"

"बैल आनाले. म्हनतात, प्रेम म्हंजे जू. नवा गोऱ्हा आंधी झटकते, मंग मान देते. घोडा आनतात लगामाचा. गळाले लागलेला मासा. बाण लागलेलं हरिण. पोरगी नाई म्हटली का तिले म्हनतात, तुले वाघिणीनं पाजलं व्हय."

"वाघिणीचं काय वाईट हाय त्याच्यात," भागिरथा चुलीपासून म्हणाली. अंगणवाडीत मदतनीस आहे ती. दिवसभर बारकी पोरं हाकते, घरी आल्यावर नवरा. "तुह्या बापानं मले कधी वाघीण नाई म्हटलं. पातेल्याले रंग लावून ठेवते अन् बसते."

"अन् बाबा, त्याइच्या कवितेच्या दोन-दोन ओळीच्या जोड्या असतात. वरची लांब, खालची जराशी आखूड. पुन्हा वरची लांब, खालची आखूड. असं चालते."

देवमन उठून उभा राहिला. "वरची लांब, खालची आखूड?"

"हो."

"अवो, मंग थे जीपचं बूडच झालं की," तो म्हणाला. "वरतं काचीखाली सारी पट्टी मोकळी, खालतं नंबर प्लेट अर्धी जागा खाते. मी तीस वर्सं तेच करून राह्यलो."

त्या दिवसापासून देवमनचा पक्का विश्वास बसला, की त्या कवींपैकी एखादा तरी गाड्या रंगवत असला पाहिजे. मी म्हटलं, अरे, त्यांचे रथ, रथाला मागून फळी कुठं असते. तो म्हणाला, "तुमी पाह्यला का रोमचा रथ?" मी पाहिलेला नव्हता. वाद तिथंच संपला, आणि मला ते आवडलं नाही.

पहिला रोमन बैल बसला ट्रॅक्टरवाल्या दौलतसिंगच्या ट्रॉलीवर. मानेवर जू, डोळे मात्र मालकीणबाईकडं पाहत असल्यासारखे, आणि खाली देवमनच्या स्वतःच्या ओळी:

*पयल्या दिशी जू झटकलं, शिंगं उगारली लय;*
*आता हाकेच्या आंधी मान खाली होय.*

दौलतसिंगची बायको गावात कडक म्हणून माहीत. चौकात जो वाचेल तो दौलतसिंगकडं पाहून हसायला लागला. दौलतसिंग सांगत फिरला, बापा हो, हे बैलाचं हाय. त्यानं ते जितकं सांगितलं तितकी ट्रॉली गाजली. मग एका ऑटोवाल्यानं मासा काढून घेतला, त्यानं पळून जाऊन लग्न केलं होतं:

*गळ दिसत होता मले, दोरी दिसे, काठीबी दिसे;*
*भूक नोती, तरी गिळला.*

लोक मुन्नाच्या दुकानातून उठून कडुलिंबाखाली यायला लागले. देवमनच्या चालण्यात फरक पडला. रोमला जाऊन आल्यासारखा बोलायला लागला. "आमच्या तिकडं," म्हणायचा, आणि तिकडं म्हणजे कामरगाव नसायचं.

अशात पवन आला. पवन शेलूबाजार ते कारंजा काळी-पिवळी चालवतो. जीप स्वतःची, पोरगा निर्व्यसनी, घरी चार एकर ओलीत. तरी चार वर्षांपासून पोरी पाहतोय आणि जमत नाही, कारण आजकाल पोरीवाले पहिला प्रश्न 'नोकरी कुठं' हाच विचारतात. दुसरा विचारतच नाहीत. शेवटी केनवडच्या रामरावांच्या पोरीनं, योगिनीनं, त्याला होकार दिला होता. पोरगी बी.ए. झालेली, मालेगावला कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन आलेली. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली होती. पवनची इच्छा होती की साक्षगंधाला जीप जाईल ती अशी सजून जावी, की केनवडमध्ये तशी कोणाची नाही.

देवमननं त्याच्यापुढं रोमचा अख्खा गोठा मांडला. घोडा, हरिण, बैल, पारवे. पारव्यांचं त्यानं खास सांगितलं, कारण ते धम्मदीपानं नुकतंच सांगितलं होतं. तिकडच्या प्रेमाच्या देवीचा रथ पारवे ओढतात, आणि कवी म्हणतात, पारव्यांची जोडी एकदा जमली की जन्मभर सुटत नाही. पवन म्हणाला, विचार करून सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच आला आणि म्हणाला, पारवे.

काढले. काय सांगू, त्या बुडावरून हात फिरवावा वाटे. राखाडी पंख, गळ्यावर हिरवी-जांभळी झाक, दोघांच्या चोची एकमेकांकडं. आणि ओळी:

*दाना इथं हाय का तिथं, पाहत बसत नाई पारवे;*
*बसले तं दोघं, उडाले तं दोघं.*

आता तुम्ही वऱ्हाडचे असाल तर इथवर वाचून तुम्ही कपाळावर हात मारलाच असेल. आपल्याकडं पारवे कुठं घुमतात हे शेंबडं पोरगंही सांगेल. ज्या घरात माणूस राहिला नाही तिथं. 'तुह्या घरावर पारवे घुमोत' ही आपल्याकडं शिवी आहे. देवमनला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याची माय कामरगावला घराच्या आढ्यावर पारवा बसला की बांबू घेऊन मागं लागायची. पण देवमन त्या महिन्यात रोमला होता.

साक्षगंधाच्या दिवशी संध्याकाळी आम्ही कडुलिंबाखाली बसलेलो. पवनची जीप आली, आणि मागच्या बाजूला चादर बांधलेली. चहावाल्यानं तर उभं राहून हात जोडले, त्याला वाटलं आत मयत आहे. पवन उतरला. अंगात नवा सदरा, पायात नवी चप्पल, चेहरा मात्र असा, की मीच आधी म्हटलं, बस, पाणी पी.

"पेंटरकाका," तो म्हणाला, "माह्या सोयरिकीवर तुमी पारवे बसोले."

झालं असं होतं. जीप केनवडला रामरावांच्या दारात लागली. रामरावांची बहीण जमनाबाई स्वागताला पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आल्या, आणि जीपच्या मागं गेल्या, आणि तांब्या तिथंच टेकवला. "लग्नाच्या आंधीच घर ओसाड करायले निंगाले काय वो तुमी?" एवढंच बोलल्या, पण मोठ्यानं बोलल्या. त्यात रामरावांच्या घरासमोरच त्यांच्या थोरल्या भावाचं घर. भाऊ पोरांकडं पुण्याला गेला, घराला कुलूप, आणि झरोक्यात पारवे. रामराव रोज सकाळी दात घासायला ओट्यावर येतात ते त्या पारव्यांसमोर. आता तेच पारवे जावयाच्या गाडीवर बसून दारात आले. रामराव सभ्य माणूस. पाहुण्यांना जेवू घातलं, पान दिलं, पण साक्षगंधाचं कुंकू लावलं नाही. म्हणाले, "पाहू. कळवतो." आपल्याकडं 'पाहू, कळवतो' याचा अर्थ काय हे पवनला चार वर्षांत पाठ झालं होतं.

माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, चला आत्ताच केनवडला. पाखरानं कुठं घर ओस पडतं का, हे त्यांना चार माणसांत विचारतो.

"भाऊ," देवमन म्हणाला, "तुमी भांडायले येता का सोयरीक जोडायले?"

"मला दोन्ही येतं."

"मंग तुमी गाडीतच बसान."

त्यानं धम्मदीपाला फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून ती घाबरूनच बोलली. ऐकून घेतल्यावर थोडं हसली.

"बाबा, त्याइलेबी पाखरांचा भेव होताच ना. घुबड दिसलं का थे अपशकुन मानत. घुबड तिकडं वाईट, पारवे आपल्याइकडं. तुमाले हे मी सांगावं का?"

"नाई," देवमन म्हणाला. "मलेच समजाले पाह्यजे होतं."

फोन ठेवून तो जीपच्या मागं गेला. चादर सोडली, पारव्यांकडं पाहिलं. भागिरथा आली, तीही पाहत उभी राहिली. म्हणाली, "चांगले काढले तुमी. पन पोट्ट्याचं लग्न याच्याहून मोठं हाय."

"हाव."

"मंग?"

"मंग पुसतो," देवमन म्हणाला. "त्याइच्या दारात नेऊन पुसतो, अन् थे म्हनतीन थे जनावर तिथंच काढून देतो."

मी त्याला इतकी वर्षं ओळखतो. भिंतीवरची सुपारीची जाहिरात मालकानं पुसायला सांगितली होती तेव्हा हा पैसे परत देऊन घरी आला होता, पण त्यानं स्वतःच्या हातचं चित्र पुसलं नव्हतं. मी पवनला नंबर काढायला सांगितलं. रामरावांना फोन गेला. ते म्हणाले, या, चहाले या. एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. पवन जीप चालवत होता, देवमन मधात थिनरचा डबा मांडीवर घेऊन, मी कडेला. मालेगाव गेल्यावर पवन म्हणाला, "काका, नाई जमलं तं पुढच्या वर्सी मी पोरी पाहायचं सोडतो." देवमन म्हणाला, "गाडी पाह्य तू."

केनवडला रामरावांच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. देवमनला खुर्ची देतात की सतरंजीकडं बोट दाखवतात, हे मी सगळ्यात आधी पाहतो. माझी सवय आहे, जाणार नाही. खुर्चीच दिली, आणि पहिला चहा त्याला दिला. मी जरा थंड झालो. शेजारचे चार-पाच लोक आपोआप आलेच. जमनाबाई दारात बसल्या, पाय पसरून. पन्नाशीच्या पुढच्या, आवाज असा की हायवेवर ट्रक थांबावा.

देवमननं हात जोडले. म्हणाला, "चूक माही हाय, या पोराची नाई. मी पुसून टाकतो. आता तुमीच सांगा, काय काढू."

लोक जरा सावरून बसले. असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

"मोर काढा," शेजारी एक जण म्हणाला.

"मोर आपले पाय पाहून रडते," जमनाबाई म्हणाल्या. "रडकं जनावर नोको."

"राघू?"

"राघू पिंजऱ्यातला. दार उघडं दिसलं का गेला. मंग आमच्या पोरीनं कोनाकडं पाहावं?"

देवमन म्हणाला, "घोडा लय चांगला येते माह्या हातचा."

"घोडा जवाई झाला तं मंग पोरगी कोन झाली?" जमनाबाई म्हणाल्या. ओट्यावर सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं. घोडा गेला.

"हरिण काढतो. नाजूक दिसते."

इथं रामराव पहिल्यांदा बोलले. "हरिणाचा कळप माह्या हरभऱ्यात रोज चरते. त्याइच्यापायी मी रात रात जागलीवर बसतो. त्याले आता घरच्या गाडीवर बसवू?"

"मंग बैल."

"बैल काढला का लोक जवायाले नंदी म्हनतीन," शेजाऱ्यानं सांगितलं. पवन हळूच म्हणाला, म्हनू द्या. कोणी ऐकलं नाही.

मासा निघाला तर रामराव म्हणाले, आमच्या घरात तुळशीची माळ आहे. हत्ती निघाला तर एक जण म्हणाला, हत्ती नको, लोकांना वाटेल निवडणूक लागली. मुंगूस शुभ म्हणून कोणी सुचवलं, तर दुसऱ्यानं सांगितलं की मागून येणाऱ्या गाडीतून ते उंदरासारखं दिसतं.

"वाघीण?" देवमननं विचारलं. सगळ्यांनी जमनाबाईंकडं पाहिलं आणि पटकन दुसरीकडं पाहिलं.

"काय पाहता," त्या म्हणाल्या.

मला राहवेना. मी उठलो. म्हटलं, "रामरावजी, एक विचारू? पारव्यानं आजवर कोणाचं घर..." देवमननं माझ्या सदऱ्याचं टोक धरून मला खाली बसवलं. इतक्या माणसांत. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर पाहिलं असतं.

"जनावर मंग ठरवा," तो म्हणाला. "मी आंधी पुसायले लागतो."

तो जीपच्या मागं गेला. रंग अजून पुरता मुरला नव्हता. थिनरमध्ये फडकं बुडवलं, आणि डावीकडच्या पारव्याच्या शेपटावर टेकवलं. आम्ही सगळे ओट्यावरून पाहत होतो. तो घासत होता, पण गाडी रंगवताना जसा पुढं वाकतो तसा वाकला नव्हता. अंगच मागं ओढून घेतलं होतं. शेपूट राखाडी ओघळ होऊन खाली उतरलं.

"काका, थांबा."

योगिनी दारात उभी होती. हातात सूप, सुपात जोंधळे. तिच्या चेहऱ्याकडं पाहून देवमनचा हात थांबला.

"थे पारवे म्याच सांगतले होते," ती म्हणाली.

रामरावांना आधी समजलंच नाही. "कोनाले सांगतले?"

"जीपवाल्याइले."

"कधी?"

"फोनवर."

समोरच्या बंद घरातले पारवे घुमत होते ते ओट्यावर स्वच्छ ऐकू आलं. पवन जीपच्या टायरकडं असा पाहत होता, जणू हवा कमी आहे.

"त्याइनं मले विचारलं, बैल काढू का घोडा का पारवे. म्या म्हटलं पारवे," योगिनी म्हणाली. मग बापाकडं वळली. "बाबा, मोठेबाबा पुण्याले गेले तवा तिथं पारवे होते काय? नोते. सहा महिने घर नुसतं सुनं होतं. मले इकडून पाहावत नोतं. मंग पारवे आले, तं मी दाने टाकायले लागली. रोज टाकतो. तुमी वावरात गेले का टाकतो. तिथं कोनीतं असते म्हून मले बरं वाटते. आता मी गेल्यावर दाने कोन टाकीन, मले त्याची काळजी हाय."

जमनाबाई उठल्या, सुपात पाहिलं, मूठभर जोंधळे उचलून पुन्हा सुपात टाकले.

"म्हंजे कोठीतला जोंधळा उंदीर नाई खाऊन राह्यले," त्या म्हणाल्या.

योगिनी खाली पाहत होती.

"दोन पिंजरे आनले म्या मालेगावहून. मांजर आनली लोकाची. थे मांजर दूध पिऊन गेली. अन् उंदीर तू हायस."

पहिला हसला तो रामरावांचा शेजारी. मग ओटा हसला. देवमनही हसला, हातात थिनरचं फडकं तसंच धरून. पण जमनाबाई हसल्या नाहीत. त्या ओट्यावरून उतरून सरळ पवनपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"काय रे पोरा. त्या दिशी मी तुले इतकी बोलली. माणसांत बोलली. पोरीनं सांगतले म्हून काहून नाई म्हटलं?"

पवननं टायरवरची नजर काढली. "म्हटलं असतं तं फोनचं निंगालं असतं, आत्याबाई. मंग तिले बोलले असते तुमी."

"मी तुही आत्याबाई कधी झाली?"

पवन पुन्हा टायरकडं पाहायला लागला.

जमनाबाईंनी मागं वळून भावाकडं पाहिलं. "रामा, सोयरीक मोडून राह्यली होती याची, तरी यानं पोरीचं नाव नाई सांगतलं. तुले नोकरीवाला पाह्यजे का असा पाह्यजे, थे तू पाह्य. मले विचारशीन तं मी म्हनतो, असा."

रामरावांना फोनचं पचत नव्हतं, हे दिसत होतं. बाप माणूस. ते उठले, जीपमागं आले. चित्राकडं पाहिलं, मग देवमनला म्हणाले, "खालतं काय लिवलं? चष्मा घरात राह्यला."

देवमननं वाचून दाखवलं, वरची लांब ओळ, मग खालची आखूड. रामराव समोरच्या कुलपाकडं पाहत ऐकत होते.

"दाना इथं हाय का तिथं," ते हळू म्हणाले. "माणसं पाहतात ना वो. भाऊ पाहूनच गेला." मग थोड्या वेळानं, "कुठून आनलं हे?"

"रोमहून," देवमन म्हणाला. "म्हंजे पाखरं रोमची. ओळी माह्याच."

"पोरगी शिकते म्हने तुमची तिकडं."

"हो."

"मंग आता त्याचं शेपूट काढा पयले," रामराव म्हणाले. "बिनशेपटाचा पारवा माह्या दारातून जाऊ देत नाई मी."

आणि इथं आमची फजिती झाली. देवमन नव्या जनावराच्या तयारीनं आलेला. पिशवीत लाल, पिवळा, हिरवा, पांढरा. काळा नाही, म्हणजे राखाडीही नाही. जमनाबाईंनी विचारलं, काय अडलं. सांगितल्यावर त्या आत गेल्या, तवा उपडा करून उलथण्यानं खरवडला, आणि पाटावर काजळीचा ढीग घेऊन आल्या. "घ्या. याच्याहून काळं आमच्या घरात काई नाई."

देवमननं काजळी तेलात घोटली, पांढऱ्यात मिसळली, आणि शेपूट काढलं. शेजारी अख्खं गाव उभं. एक पीस काढलं की मागून कोणीतरी म्हणायचं, आता दुसरं. रंग पहिल्यासारखा आला नाही, एक पारवा दुसऱ्यापेक्षा शेपटाशी काळा दिसतो. देवमन म्हणाला, घरी गेल्यावर सारखं करून देतो. जमनाबाई म्हणाल्या, हात लावाल तर खबरदार, माह्या तव्याचं हाय थे.

मग पाट मांडले गेले. पवनच्या आईवडिलांना फोन झाला. ते मिळेल त्या गाडीनं निघाले आणि येईपर्यंत आम्हाला पोहे खावे लागले, दोनदा. मी त्या वेळात रामरावांशी हरभऱ्याच्या नुकसानभरपाईवर बोललो आणि अर्ज कसा करायचा ते सांगितलं, कारण रिकामं बसणं मला जमत नाही. कुंकू जमनाबाईंनीच लावलं. लग्न फाल्गुनात धरलं.

निघताना देवमन जीपमध्ये बसला नाही, मागंच उभा राहिला. रंग ओला होता, कोणी टेकू नये म्हणून. योगिनी त्याच्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, तुमच्या धम्मदीपाताईले सांगजा, पारवे पसंत पडले म्हना केनवडले."

"सांगतो," देवमन म्हणाला. "अन् बेटा, दान्याचं?"

योगिनीनं समोर पाहिलं. आम्हीही पाहिलं. बंद घराच्या अंगणात जमनाबाई सूप घेऊन उभ्या होत्या. मूठ भरत होत्या, फेकत होत्या, आणि प्रत्येक मुठीमागं त्या पारव्यांना मनापासून शिव्या देत होत्या. पारवे झरोक्यातून उतरून त्यांच्या पायांभोवती गोळा झाले होते.